हवेतून चाळीस मिनिटं

त्या दोन गावांमध्ये डोंगर आडवा. रस्त्यानं जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. हवेतून मात्र चाळीस मिनिटं. दोन्हीकडे लहानसा विमानतळ, एक धावपट्टी आणि एका खोलीत एक फोन. इकडून विमान सुटलं की अण्णा फोनवर सांगायचे, "निघालं." तिकडे उतरलं की पलीकडून फोन यायचा, "पोचलं." तोवर खुर्ची सोडायची नाही, हा दोघांनी आपापसांत घातलेला नेम. विमान अधांतरी असताना कुणीतरी त्याच्यासाठी बसून असावं, एवढंच.

पलीकडच्या माणसाचं तोंड अण्णांनी कधी पाहिलं नव्हतं. नाव विचारायचं राहून गेलं, आणि पुढे विचारायची लाज वाटू लागली.

"काय पलीकडचे, जेवलात का?" अण्णा विचारायचे.

"मी कसला पलीकडचा! इथून बघा, पलीकडचे तुम्ही."

बायको गेल्यापासून दिवसभरात अण्णांशी एवढंच कुणी बोलायचं. आता नोकरी संपत आली होती. फोन सुटला की हा आवाजही सुटणार. म्हणून शेवटच्या दिवशी त्यांनी दुपारचं तिकीट काढलं. एकदा त्या माणसाला डोळे भरून बघावं, बस्स. फोनवर "निघालं" म्हणाले आणि हसू दाबत स्वतःच विमानात जाऊन बसले. खुर्ची रिकामी सोडून आलो, हे ढगांत शिरल्यावर ध्यानात आलं.

उतरले तेव्हा तिकडे नुसता वारा आणि एक झाडूवाली.

"बाई, फोनवरचे गृहस्थ कुठं बसतात?"

तिचा झाडू थांबला. "त्यांना जाऊन दोन हिवाळे झाले, काका. बसल्या जागी गेले बिचारे. नंतर त्या खोलीत कुणी आलंच नाही."

"अहो, आत्ता बोललोय मी त्यांच्याशी..."

"उघडीच आहे खोली. बघा हवं तर."

खोलीत कोंदट वास होता. टेबलावर बोटभर धूळ. फोनची तार तुटून भिंतीशी लोंबत होती. मग रोज "पोचलं" म्हणून सांगत होतं कोण? अण्णांना भीती वाटायला हवी होती; वाटलं ते पोरकं. त्यांनी नुसता हातात धरायला म्हणून रिसीव्हर उचलला. तो कोमट होता.

"पलीकडचे..." ते हळूच म्हणाले. "पोचलं."

बराच वेळ खरखर. मग तोच आवाज. "पोचलात? बरं झालं. तुमची खुर्ची रिकामी दिसली, म्हणून मी इथं येऊन बसलो होतो..."

"माझ्या खोलीत? अहो, मी तुम्हालाच भेटायला आलो इथं!"

"आता काय करायचं!" आवाज हसला. "बसा तुम्ही. मीच येतो... निघालो बघा."

अण्णा बसले. बाहेर आभाळात काही नव्हतं, आणि आलेलं विमान जागचं हललं नव्हतं. उजेड उतरत गेला. झाडूचा आवाज लांब जात थांबला. खोलीतलं टेबल दिसेनासं झालं तरी अण्णा रिसीव्हर कानाशी धरूनच होते.

दार हललं. पावलं वाजली नाहीत, पण समोर कुणीतरी उभं आहे हे कळत होतं. अण्णांनी अंधारात हात पुढे केला. गारठलेल्या एका हातानं तो घट्ट धरला.

अण्णा म्हणाले, "आलात!"

आणि कानाशी धरलेल्या रिसीव्हरमधून तोच आवाज आला, "कुठं आलो? अजून वाटेतच आहे हो मी..."