पुढचा श्वास

माणूस विसरला तरी टाकी भरली पाहिजे, हा पाणीपुरवठ्याच्या मेकॅनिकचा पहिला नियम. पंपघराच्या भिंतीवर एक साधा स्विच असतो. एका बाजूला ऑटो, दुसऱ्या बाजूला मॅन्युअल. ऑटोवर टाकला की टाकीतलं पाणी खाली गेल्यावर पंप आपोआप सुरू होतो आणि टाकी भरली की आपोआप थांबतो. मॅन्युअलवर असला की मात्र कोणीतरी तिथं उभं राहून बटण दाबावं लागतं. दाबलं तर पाणी, नाहीतर नळाला नुसती हवा.

"देवानं आपल्याला ऑटोवर टाकलंय म्हणून बरं," मेकॅनिक घरी जेवताना म्हणायचा. "नाहीतर आमची ठकी केव्हाच गचकली असती. साधी पाण्याची बाटली भरायची लक्षात राहत नाही हिच्या."

ठकी म्हणजे त्याची मुलगी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, तरी घरात ठकीच. ती तोंड वाकडं करायची आणि तिची आई हसायची. आई प्राण्यांची डॉक्टर होती. सरकारी दवाखान्यात कुत्री, गाई, क्वचित एखादं पोपटाचं पिल्लू. मेकॅनिक तिला कौतुकानं डॉक्टरीणबाई म्हणायचा.

देवमासे किनाऱ्यावर आले त्या सकाळी तिला कचेरीतून फोन आला. तिनं मेकॅनिकला उठवलं. "अहो, तुमचा तो डिझेलवरचा पंप घ्या. पाणी मारत राहावं लागेल."

वाळूवर ते काळे, गुळगुळीत, एकमेकांना खेटून पडले होते. पायलट व्हेल. नावाला देवमासे, कुळानं डॉल्फिनच, असं तिनं त्याला जाताजाता सांगितलं. पाण्यात यांना स्वतःचं वजन कळत नाही. जमिनीवर तेच वजन छातीवर बसतं. ऊन लागलं की कातडी तडकते. म्हणून अंगावर ओल्या चादरी घालायच्या, फक्त डोक्यावरचं नाकाचं भोक उघडं ठेवायचं. दवाखान्यातल्या चादरी पुरल्या नाहीत तेव्हा गावातल्या लोकांनी घरच्या आणल्या. ठकी धावत जाऊन स्वतःची पिवळ्या फुलांची चादर घेऊन आली आणि आईच्या हातात देऊन कॉलेजला गेली.

प्रत्येक जनावराच्या डोक्याशी एकेक माणूस बसवला होता. डॉक्टरीणबाई बसली ती कळपातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मादीशी. पिवळ्या फुलांची चादर तिनं तिच्यावरच घातली.

"आजारी ही एकटीच आहे," ती म्हणाली. "बाकीचे सगळे धडधाकट आहेत."

"मग ते कशाला आले मरायला?"

"हिच्यामागून. यांच्यात आईला सोडून कोणी जात नाही. मुलगेसुद्धा नाहीत. जन्मभर."

मेकॅनिक पंपापाशी गेला. तिथून त्याला बायको दिसत होती. मादी श्वास सोडायची, फुस्स, आणि लगेच नवा आत ओढायची. मग बराच वेळ काहीच नाही. दोन श्वासांमधलं अंतर चुकू नये म्हणून डॉक्टरीणबाईनं एक युक्ती काढली. ती स्वतः मादीबरोबरच श्वास घ्यायला लागली. मादी थांबली की हीही थांबायची. फार लांबलं की वाकून म्हणायची, "घे. घे आता." आणि दोघी मिळून घ्यायच्या.

दुपारी त्यानं तिला पाणी नेऊन दिलं. तिनं बोटानंच त्याला गप्प केलं.

"यांचा श्वास आपल्यासारखा नसतो," थोड्या वेळानं ती म्हणाली. "आपोआप होत नाही. प्रत्येक वेळी मनात आणून घ्यावा लागतो. झोपेतसुद्धा. म्हणून निम्मा मेंदू झोपतो, निम्मा जागा राहतो. एक डोळा मिटलेला, एक उघडा."

"म्हणजे मॅन्युअल."

ती हसली नाही.

भरतीच्या आधी मादीनं एक श्वास सोडला. डॉक्टरीणबाईनंही सोडला. "घे," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग ती म्हणतच राहिली, आणि शेवटी मेकॅनिकनं तिला खांद्याला धरून उठवलं. तिचा चेहरा काळानिळा पडला होता.

"मेली?" त्यानं विचारलं.

"नाही. तिनं पुढचा घेतला नाही."

भरती आल्यावर माणसांनी छातीभर पाण्यात उतरून उरलेल्यांना खोल समुद्रात ढकललं. ते पोहत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे परत त्याच वाळूवर होते, मेलेल्या मादीच्या शेजारी, ओळीनं. या वेळी मधे एकेक हात जागा सोडून.

मेकॅनिकनं पुष्कळ बंद पडलेली यंत्रं पाहिली होती. चालू असलेलं यंत्र स्वतः येऊन बंद पडताना त्यानं पहिल्यांदा पाहिलं.

पुढचे काही दिवस घर नेहमीसारखं होतं. चादरी धुऊन झाल्या. पिवळ्या फुलांच्या चादरीचा वास मात्र जाईना, म्हणून ती कपाटाच्या वर टाकून ठेवली.

मग एका सकाळी चहा गाळताना डॉक्टरीणबाईचा हात मधेच थांबला. गाळणं धरलेलं, नजर समोर. मेकॅनिकला वाटलं, काहीतरी आठवतेय. ओठ निळसर झाले तेव्हा तो ओरडला, "अगं!"

फुस्स. तिनं श्वास सोडला आणि लगेच आत ओढला.

"विसरले," ती म्हणाली, आणि खरंच हसली. "काय बाई तरी मी."

दुसऱ्यांदा विसरली ती ठकीचा शर्ट इस्त्री करताना. शर्ट जळाल्याच्या वासानं मेकॅनिक धावत आला. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही.

छातीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट इतके स्वच्छ होते की डॉक्टरांनी ते दोनदा उलटसुलट पाहिले. "झोपेत श्वास थांबण्याचा आजार असतो," ते म्हणाले. "पण यांच्यात तसं काहीच दिसत नाही. इथं तर त्या उत्तम श्वास घेतात."

"इथं सगळे बघत असतात ना," डॉक्टरीणबाई म्हणाली. "कोणी बघत असलं की मी लक्षात ठेवून घेते."

डॉक्टरांनी मेकॅनिकला बाजूला घेतलं. मनावर ताण आहे, म्हणाले. मास्कचं यंत्र दिलं. यंत्र हवा मारायचं आणि ती ओठ मिटून, नाक मिटून बसायची, बंद व्हॉल्व्हसारखी. मेकॅनिकनं स्वतः यंत्र उघडून पाहिलं. यंत्रात दोष नव्हता.

झोपेचा प्रश्न तिचा तिनंच सोडवला. दुपारी ती कुशीवर पडलेली असायची. उजवा डोळा मिटलेला. डावा उघडा, भिंतीवर लागलेला. मेकॅनिक हात हलवायचा तर डोळ्यातली बाहुली हातामागे फिरायची, पण बाकीचा चेहरा गाढ झोपेत. संध्याकाळपर्यंत डोळे बदललेले असायचे. अंगाची आग होते म्हणून ती ओली चादर मागायला लागली. तीही तो देत राहिला. दुसरं देण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं.

पण ती दमायची. उघड्या डोळ्याखाली काळं पडलं होतं. एक श्वास झाला की पुढचा घ्यायला तिला दिवसेंदिवस जास्त वेळ लागत होता. त्या वेळात ती काहीतरी ठरवत असल्यासारखी दिसायची.

तेव्हा तिचा धाकटा भाऊ आला. ठकीचा मामा, बसचा ड्रायव्हर. जीभ तिखट आणि हात मोकळा, घरात पाय ठेवला की हसू सुरू.

"ताई, सिग्नल हिरवा झालाय. घे श्वास," तो तिच्या पलंगाशी बसून म्हणायचा. "घेतलास? शाबास. मागचे प्रवासी खोळंबलेत, पुढं चला, पुढं चला."

तीसुद्धा हसायची. मेकॅनिक कामावर जाऊ शकला. ठकीनं अभ्यासाची पुस्तकं उघडली. घरावरचं मळभ गेल्यासारखं वाटलं.

एका दुपारी मेकॅनिक लवकर परतला. मामा जेवत होता. घास हातात, हात ताटावर थांबलेला. मेकॅनिक चपला काढून आत आला, हात धुतले, पुसले. मामाचा घास तिथंच होता.

फुस्स.

"आलात का भाऊजी," मामा म्हणाला आणि घास तोंडात घातला.

"काय होतंय तुला?"

"काही नाही हो." तो जरा वेळ चावत राहिला. "गाडी उतारावर असली की क्लचवर पाय ठेवून बसावं लागतं ना, तसं. पाय काढला की संपलं. सवय होते."

"कधीपासून?"

"ताईला एकटीला किती वेळ धरून ठेवायला लावायचं?" मामा म्हणाला. त्याच्या आवाजात गंमत नव्हती, तक्रारही नव्हती.

मेकॅनिक उभाच राहिला. त्याला पलंग दिसत नव्हता, भाऊ-बहीण दिसत नव्हते. त्याला वाळूवरची ओळ दिसत होती.

त्यानं दुसऱ्याच दिवशी ठकीची बॅग भरली.

"मी आईला सोडून जाणार नाही," ठकी म्हणाली.

"चार दिवस मावशीकडे जाऊन ये."

"बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. पूर्वीपासून येत नाही."

"मग खरं सांगतो. जा."

एवढ्या मोठ्या मुलीवर त्यानं पहिल्यांदा आवाज चढवला. ती रडत बॅग घेऊन खाली उतरली. त्याआधी ती आईच्या खोलीकडे वळली तेव्हा तो दारात उभा राहिला, आडवा. तिला पलंगाजवळ जाऊ दिलं नाही.

मावशी म्हणजे डॉक्टरीणबाईची मोठी बहीण. तिचं गाव डोंगरांच्या पलीकडे, समुद्रापासून इतकं लांब की तिच्या मुलांनी समुद्र फक्त चित्रात पाहिलेला. वर्षभरात या घरातल्या कोणाशीही तिची भेट झालेली नव्हती. मेकॅनिकनं मनाशी हिशोब केला होता: ओळीपासून जितकं दूर, जितकं खोल, तितकं बरं.

बस सुटल्यावर तो परत आला. बायकोचा उघडा डोळा त्याच्याकडे वळला.

"लांब पाठवलंत?"

"लांब."

"तेवढं पुरेल?" तिनं विचारलं. ती टोमणा मारत नव्हती. तिलाही ते जाणून घ्यायचं होतं.

ठकीचा रोज फोन यायचा. ती काय बोलते याकडे मेकॅनिकचं लक्ष नसायचं. तो शब्दांच्या मधल्या जागा ऐकायचा.

"बाबा, मावशी मला रोज गच्चीवर कपडे वाळत घालायला लावते. मी काय मोलकरीण आहे का? आणि तिची धाकटी कार्टी माझ्या फोनवर गेम खेळते, आणि इथलं पाणी इतकं खारट आहे की, बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो म्हणायचा. एका दमात एवढं बोलणारी मुलगी. मधे कुठं खाच नाही, खंड नाही. ऑटोवर. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ तसाच बसायचा आणि त्याला बरं वाटायचं.

घरात आता बोलणं थांबलं होतं. मामानं पलंग नको म्हणून दोघांच्या गाद्या खाली जमिनीवर घातल्या होत्या. दोघं शेजारी शेजारी पडून असायचे, ओल्या चादरी गळ्यापर्यंत. एकाचा डावा डोळा उघडा, एकाचा उजवा. श्वास एकदमच. मेकॅनिक म्हणायचा, "घ्या." ते त्याच्यासाठी थांबलेले नसायचे. त्यानं म्हटलं नाही तरी घ्यायचे, म्हटलं तरी त्यांच्याच वेळेला घ्यायचे. त्या खोलीत आपोआप चालणारा तो एकटाच उरला होता, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मग एक दिवस ठकीचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा आला. मागून रस्त्याचा आवाज येत होता.

"भाऊजी, ठकी निघाली तिकडे."

"कधी? ताई, तिला का सोडलंत? मी सांगितलं होतं ना, काही झालं तरी—"

"सकाळच्या बसनं. पोचेलच आता." मावशी शांत होती. "आम्हीही निघालोय मागून. मी, हे, दोन्ही मुलं. दुकान बंद करून आलोय."

"तुम्ही कशाला? ताई, तुम्हाला कोणी बोलावलं?"



फोन कटला असं त्याला वाटलं. पण गाडीचा आवाज येत होता. कुठंतरी हॉर्न वाजला. तो थांबला.

फुस्स.

एकीचा नव्हता तो आवाज. मोठ्यांचे दोन होते. लहान मुलांचे दोन होते. सगळे एकदम.

"तुम्ही दार उघडं ठेवा," मावशी म्हणाली.

मेकॅनिक खोलीत गेला. डॉक्टरीणबाई आणि मामा भिंतीकडे सरकले होते. उरलेल्या जमिनीवर मामानं घरातल्या सगळ्या गाद्या, सतरंज्या पसरल्या होत्या. ओळीनं. मधे एकेक हात जागा सोडून.

न्हाणीघरात नळ चालू होता. त्यानं जाऊन बंद केला. टबात चादरी भिजत होत्या, सगळ्या, त्याच्या स्वतःच्या पलंगावरचीसुद्धा.

एक तेवढी पिळून, घडी घालून, वेगळी काठावर ठेवली होती. पिवळ्या फुलांची.

खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला.