उठवा की त्याला

सन १९९७, वैशाखाचा दुसरा आठवडा. गुऱ्हाळांचा हंगाम उरकला होता आणि वळीव अजून पडायचा होता. अशा एका सकाळी पिराजी सुतार खडीसाखर आणायला मंगळवार पेठेतल्या केरबाच्या दुकानात गेला.

"कुणाला खोकला?" पुडी बांधता बांधता केरबानं विचारलं.

"खोकला न्हाय. उचकी. घरात."

केरबा मोठ्यानं हसला. "वैनींची कोण एवढी आठवण काढालंय? अतुल हाय न्हवं पुण्यात? त्याचं नाव घ्या. जाग्यावर थांबतीया बघा."

"घेतलं."

"कवाधरनं हाय?"

"सोमवारधरनं."

त्या दिवशी शुक्रवार होता. केरबाचं हसू गेलं. त्यानं पुडीत आणखी दोन खडे टाकले आणि दुसरीकडं बघत पुडी पुढं सरकवली.

पिराजी घराकडं वळला. गल्लीच्या तोंडाशी आला आणि उचकी ऐकू आली. त्याच्या बायकोचा, सोनूबाईचा, आवाज मुळात बारीक. पण ही उचकी तिच्या आवाजातली वाटत नव्हती. पोटातून कुणी दोरी ओढावी तसं तिचं अंग हिसका खाई, आणि मग तो आवाज येई. पहिल्या दिवशी शेजारच्या बायका हसल्या होत्या. सोनूबाईही हसली होती. दुसऱ्या दिवशी तिला घास गिळेना. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. तेवढा वेळ झोप लागली. जागी झाली तशी उचकी पुन्हा सुरू झाली. डॉक्टर पिराजीला बाजूला घेऊन म्हणाले, "वय झालंय त्यांचं. पोटात काही राहत नाही, हृदयावर ताण पडतोय. अजून दोन-तीन दिवस असंच चाललं तर मी काही सांगू शकत नाही."

पिराजीनं मान हलवली. तो माणूस कमी बोलायचा. आता त्याचं सायकलीचं दुकान होतं. आधी त्याच्याकडं सिनेमाचं मशीन होतं. सोळा एमएमचं मशीन, पांढऱ्या धोतरांचा शिवलेला पडदा आणि मुक्या विनोदी सिनेमांच्या चार फिती. गणपतीत, उरुसात, गुऱ्हाळावर तो खेळ लावायचा. त्यातला 'शिडीवाला' सगळ्यांत लाडका. खरं नाव काय होतं ते पिराजीला ठाऊक नव्हतं. एक हडकुळा माणूस शिडी आणि चुन्याची बादली घेऊन येतो. भिंत रंगवायला वर चढतो. खालून एक जाडा येतो आणि शिडीला टेकून विडी ओढतो. मग बादली, मग जाडा, मग शिडी, आणि शेवटी तो हडकुळा धाडकन जमिनीवर. एवढंच. त्यात एक शब्द नाही. पण गडहिंग्लजकडचे कानडी गडी असोत की कोल्हापुरातले वकील, बादली कलली की सगळे एकदमच हसायचे. समजून घ्यायला काही नव्हतंच. पडलेला माणूस सगळ्यांनाच कळतो.

मग टीव्ही आला, व्हिडिओ आला. एक्क्याण्णवच्या गणपतीत पोरांनी "रंगीत लावा, रंगीत" म्हणून ओरडा केला. एक चप्पल आली ती शिडीवाल्याच्या तोंडावर बसली. पिराजीनं वायर उपसली. मशीन माळ्यावर टाकलं आणि पुन्हा हात लावणार नाही म्हणून घरात सांगितलं. त्यानंतर सुपारी घेऊन आलेल्यांना तो उंबऱ्यावरूनच परत लावायचा. सुपारी एकदा हातात घेतली की खेळ चुकवायचा नाही, घरात काहीही असो. हा धंद्याचा नेमच होता. म्हणून तो हातच पुढं करत नसे.

घरात आक्का बसली होती. आक्का म्हणजे पिराजीची थोरली बहीण. सोनूबाईचं डोकं मांडीवर घेऊन ती सकाळपासून नावं घेत होती. ज्याच्या नावाला उचकी थांबेल, तो आठवण काढतोय. सासरची झाली, माहेरची झाली, पुण्याचा मुलगा अतुल झाला, त्याची बायको पूर्णिमा झाली. उचकी काही थांबेना.

"जित्ती माणसं सपली बाई," आक्का वैतागून म्हणाली. "आता मेल्याली घिऊ काय?"

"गप," पिराजी म्हणाला.

"गप काय गप? तुला सुचतंय का काय दुसरं?" आणि तिनं नावं सुरू केली. आई. उचकी. मोठा दीर. उचकी. "यंदा कोण कोण गेलं? म्हातारा ज्ञानू..." उचकी. "जोतिबाच्या वाटंवरची, गुऱ्हाळातली धोंडुबाई..."

उचकी थांबली.

बाहेर कुणीतरी हातपंपाचा दांडा मारत होतं, तो आवाज एकदम जवळ आल्यासारखा वाटला. सोनूबाईनं डोळे उघडले.

"धोंडुबाई... गेली?"

"गेली की. माघात. तुला म्हाईत न्हाय?"

सोनूबाई उठायला बघत होती. तिच्या हाताला धरायला पिराजी वाकला. हात बर्फासारखा होता.

"माघात गेली..." ती म्हणाली, "तर मग चैतात मला सुपारी कुणी दिली?"

सोनूबाई सांगत गेली, अडखळत. चैत्री यात्रेचे दिवस होते. पिराजी दुकानात होता. भर दुपारी धोंडुबाई दारात उभी राहिली. आत ये म्हटलं, आली नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. सुपारी पुढं केली आणि म्हणाली, मालकास्नी सांग, बाया थांबल्यात, एकदा शिडीवाला दाखवा. "मी म्हणलं, ह्येंनी न्हाय म्हणत्यात. तर म्हणली, तू घे, तू घेतलीस तरी चालतंय. किती वर्सांनी कोण दारात आलतं... माझा हातच पुढं झाला. तुमाला सांगायचा धीर झाला न्हाय."

"मी सुपारी घ्येत न्हाय," पिराजी म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "परत दे."

"कुणाला?" आक्कानं विचारलं.

तेवढ्यात सोनूबाईच्या अंगाला हिसका बसला. उचकी परत आली होती, आधीपेक्षा खोल. ओठांच्या कडा निळ्या दिसायला लागल्या. पिराजी तिच्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानं शिडी लावली आणि माळ्यावर चढला.

जोतिबाच्या वाटेवरचं ते गुऱ्हाळ बाळासोचं. वडिलांच्या मागं तो चालवत होता. टेम्पोतून मशीन उतरताना बघून तो धावत आला.

"मामा, ह्यो काय परकार? हितं आता बघायला कोण हाय? गुळव्या गेला, गडी गेलं. मांजर सुदिक न्हाय."

"वीज हाय?"

"मोटारीची हाय. पर खेळ कुणाला दावणार?"

"धोंडुबाईनं सुपारी दिलीया."

बाळासो हसणार होता. टेम्पोत आक्काच्या मांडीवर सोनूबाई दिसली आणि तो थांबला. "मामा... धोंडुबाई हितंच गेली. चुलाणाजवळ बसल्या जागी. तिच्या आधी तिच्या बरुबरच्या बाया गेल्या, एकेक करून. ती शेवटची."

"वायर जोड," पिराजी म्हणाला.

दिवेलागणीची वेळ. गुऱ्हाळात जळक्या गुळाचा जुना वास भिंतीत मुरलेला होता. मधे दोन खांबांना पिराजीनं पडदा बांधला, पूर्वी बांधायचा तसाच. पडद्याच्या अलीकडं मशीन आणि पुरुषमाणसं. पलीकडं रस कढवायचं चुलाण, आणि चुलाणाच्या उबेला बायका. पलीकडून चित्र उलटं दिसायचं, डावं ते उजवं. पण मुक्या सिनेमाला उलटं काय आणि सुलटं काय? बाया पलीकडूनच पोट धरून हसायच्या. सगळ्यांत मोठ्यांदा धोंडुबाई. दिवसभर चिपाडं पसरून हात चिरलेले असायचे, आणि तेच हात मारून ती शेजारणीची पाठ फोडायची.

आज पलीकडं कुणी नव्हतं. पिराजी स्वतः जाऊन बघून आला होता. थंड चुलाण, पालथी घातलेली काहील आणि मागचं दार. दाराला आतून कडी होती.

सोनूबाईला घोंगड्यावर निजवलं. बाळासो वायर जोडून दारात उभा राहिला, आत काही आला नाही. पिराजीनं दिवा लावला. मशीन कुरकुरलं आणि फिरायला लागलं.

पडद्यावर भिंत आली. शिडीवाला आला. शिडी टेकवली. सोनूबाईची उचकी मशीनच्या आवाजावरून ऐकू येत होती. पिराजी पडद्याकडं बघत होता आणि त्याला काहीतरी खटकत होतं. मग ध्यानात आलं. बादली डाव्या हातात होती.

शिडीवाला बादली उजव्या हातात धरायचा. जन्मभर उजव्याच हातात.

फीत उलटी बसली असेल म्हणून पिराजीनं वाकून बघितलं. फीत बरोबर होती. दिवा बरोबर होता. चित्र मात्र उलटं होतं. चित्र पलीकडच्या माणसांना दिसायचं तसं दिसत होतं... म्हणजे सुलटी बाजू आज तिकडं होती. त्यांच्या बाजूला. पडद्यामागं आज पिराजी होता.

जाडा आला. विडी पेटवली. बादली कलली.

पडद्याच्या पलीकडं कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं.

"पिराजी..." आक्का कुजबुजली.

"ऐकलं. गप बस."

मग दुसरी हसली. मग बांगड्या वाजल्या. मग एकदम पुष्कळ जणी. काहींना खोकला लागला, एकीनं हातानं शेजारणीला मारलेलं ऐकू आलं, आणि पडदा मधेच पुढं फुगला, कुणाचीतरी पाठ टेकल्यासारखा. गुऱ्हाळात वारा नव्हता. दारातला बाळासो कधी निघून गेला होता ते कळलंही नाही. पिराजीचा हात मशीनवर होता. त्यानं फीत तुटू दिली नाही.

शिडी सरकली. शिडीवाला धाडकन खाली आला. पांढरा धुरळा उडाला. पलीकडं हसण्याचा कल्लोळ झाला आणि फीत संपली. पडदा पांढरा झाला.

सोनूबाईची उचकी थांबली नाही.

"दावला की खेळ!" पिराजी पहिल्यांदाच ओरडला. "दावला. आता सोडा तिला."

पलीकडचं हसणं बसलं. सोनूबाईचे डोळे वर चढत होते. आक्का तिचे तळवे घासत होती आणि रडत होती. "कायतरी कर रं... कायतरी ऱ्हायलं असंल..."

मग पडद्याच्या अगदी जवळून, जुन्या ओळखीचा, चिपाडाच्या धुळीनं घोगरा झालेला आवाज आला.

"मालक... पडल्याला तसाच ठेवू नगा. उठवा की त्याला."

धोंडुबाई हे दर खेळाला म्हणायची. मशीनला उलटं फिरवायची कळ होती. तिच्यासाठी पिराजी ती ओढायचा. मग पडलेला शिडीवाला जमिनीवरून उडून शिडीवर जायचा, सांडलेला चुना बादलीत परत यायचा, आणि धोंडुबाई म्हणायची, आता बरं वाटलं, आता झोप लागंल. दुसऱ्या कुठल्याही गावाला तो हे करत नसे. गुऱ्हाळावरचा खेळ त्याशिवाय पुरा होत नसे.

त्यानं कळीला हात घातला आणि थांबला. कुणाला उठवायला सांगतायत, हा विचार त्याच्या मनात आला. आणि पुढचा विचार यायच्या आत सोनूबाईचा श्वास अडकला.

पिराजीनं कळ ओढली.

धुरळा खाली बसत गेला. शिडीवाला जमिनीवरून सुटला, हातपाय गोळा करत वर गेला, शिडी त्याच्या पायाखाली आली. पलीकडं कुणी हसलं नाही. पलीकडं लुगडी सळसळली. एक, दोन, मग पुष्कळ जणी उठून उभ्या राहत होत्या. गुडघ्यांवर हात टेकून, बांगड्या सावरत, सावकाश. पडद्याच्या खालच्या कडेपाशी अंधार हलत होता.

वर पोचलेला शिडीवाला तिथंच थांबला. तो थांबत नसे. तो हळूहळू वळला, तिकडं, त्यांच्याकडं, आणि त्यानं वाकून नमस्कार केल्यासारखं केलं. पिराजीकडं त्याची पाठ झाली. इतक्या वर्षांत पिराजीनं ती पाठ कधी बघितली नव्हती. त्या फितीत ती नव्हतीच. कोटाला पाठीवर ठिगळ होतं, मोठ्या टाक्यांनी घातलेलं, लुगड्याच्या काठाचं.

मग भिंत रिकामी झाली. फितीचं टोक मशीनवर फटफटत राहिलं.

पिराजीनं दिवा विझवला. अंधारात त्यानं कान दिला. पलीकडं काही नव्हतं. अलीकडं सोनूबाई श्वास घेत होती, एक, मग दुसरा, मग तिसरा, सरळ आणि लांब.

"पाणी द्या," ती म्हणाली.

आक्कानं तांब्या तिच्या ओठाला लावला. ती घटाघटा प्याली.

पिराजी पडद्याकडं तोंड करून उभा राहिला. "फिटली का सुपारी?"

"फिटली," पलीकडून तोच घोगरा आवाज आला.