बोंबलांच्या दोरीवरचा फोटो

ही खरी घडलेली गोष्ट आहे. फोटो मीच काढला होता. खोटी असती तर मला बरंच वाटलं असतं.

नोव्हेंबर २००१. अर्नाळ्याचा किनारा. दुपारचे चार वाजले होते.

मी नवा कॅमेरा घेतला होता. जवळची वस्तू आणि लांबचा माणूस एका रेषेत धरला की माणूस चिमुकला दिसतो. त्या खेळाचं मला वेड लागलं होतं. धाकटा भाऊ सिद्धेश माझं हक्काचं गिऱ्हाईक. महिन्यावर लग्न आलं तरी त्याचा पोरकटपणा जात नव्हता.

दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. दोन-दोन, जबड्यात जबडा अडकवून.

मी एक जोडी काढून बाजूला ठेवली. त्या जागी सिद्धेश लटकलेला दिसायला हवा होता. तो पंधरा पावलं मागे गेला आणि हात अंगाला चिकटवून, आ वासून उभा राहिला.

बोंबील ज्यांचे होते त्या रेजिनामावशी जवळच बसल्या होत्या.

"बाला, एकटा नको टांगू. दोरीवर दोन लागतात. नायतर दुसरा कोनी येतो."

मी हसलो आणि बटण दाबलं.

माश्यांची घोंघों एकदम बंद झाली...

सिद्धेश थुंकायला लागला. "शी... दादा, तोंडात काहीतरी गेलं. बुळबुळीत."

आठवड्याने विरारच्या स्टुडिओतून फोटो आले. मी पाकीट तिथल्या काउंटरवरच उघडलं.

दोरीवर सिद्धेश होता. आणि त्याच्यासमोर... आणखी एक जण.

नागडा. ओला. ताज्या बोंबलासारखा लिबलिबीत. डोळे नव्हतेच. त्याचा जबडा सिद्धेशच्या जबड्यात अडकला होता.

किनाऱ्यावर तेव्हा आम्ही तिघंच होतो.

मी फोटो जाळला, निगेटिव्हही जाळली. सिद्धेशला घेऊन मावशींकडे गेलो. तो तोंड उघडून बोलायला लागला, तसा त्यांनी पदर नाकाला लावला आणि दार लोटून घेतलं.

त्याची होणारी बायको क्षितिजा घरी आली, तीही तशीच उठून गेली. डॉक्टर झाले, दात काढून झाले. सडक्या मासळीचा वास गेला नाही. लग्न मोडलं.

सिद्धेश अजून माझ्याकडेच राहतो. रात्री तोंडाला रुमाल बांधून झोपतो. चूक माझी, म्हणून रुमाल मीच धुतो. रोज चिकट असतो. किळस येते, आणि स्वतःचीच जास्त येते.

परवा उजेडात धरून नीट पाहिला...

दातांच्या खुणा होत्या. सुईच्या टोकाएवढ्या, बारीक.

बाहेरच्या बाजूने.