धक्क्याआधीची टकटक

हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. कुणाला पटो न पटो, यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही.

दक्षिण स्वीडन. गेल्या डिसेंबरातला लुसियाच्या सणाचा दिवस. दुपारीच बाहेर काळोख झाला होता.

आमच्या प्रयोगशाळेत दाब मोजणारे सेन्सर तपासतात. लांब पोलादी नळीत एका बाजूला हवा कोंडायची. मधला पातळ पत्रा फाटला की हवेचा धक्का धावत जाऊन टोकाच्या सेन्सरवर आदळतो. प्रत्येक धक्का हुबेहूब आधीच्यासारखा हवा. तरच तपासणी खरी.

पत्रा फाटण्याआधी आमच्याकडचा म्हातारा तंत्रज्ञ स्टूरे नळीवर बोटांनी दोनदा टकटक करायचा. मग ओरडायचा, "कान झाका रे पोरांनो!"

मी गरोदर होते तेव्हा पोटाकडे बघून म्हणायचा, "तूही झाक गं, चिमणे!"

माझी लेक तूवा जन्मायच्या आधीच तो गेला. झोपेत.

त्यानंतर नळीवर कुणी टकटक केली नाही.

तूवा आठ महिन्यांची झाली, तरी आवाजाला दचकत नव्हती. मी घरी पातेली आपटून बघायचे. डॉक्टरांच्या तपासण्या चालूच होत्या. मला धीर धरवेना. सणाचे केशराचे बन खायचं निमित्त करून मी तिला प्रयोगशाळेत नेलं. एवढा मोठा आवाज तरी ऐकू येतो का, बघायचं होतं.

पहिला धक्का. काचेआड असूनही मी दचकले.

तूवा कापडी सशाचा कान चोखत राहिली.

मी तिला काचेच्या आणखी जवळ नेलं.

"अगं, सवय झालीय तिला," हेनिंग म्हणाला. माझा सहकारी. "तुझ्या पोटात बसून दुसरं काय ऐकलंय तिने?"

तो पुन्हा हवा भरू लागला. काचेपलीकडे नळीजवळ कुणीच नव्हतं...

तूवा दचकली.

पुन्हा दचकली.

मग नळीकडे बघून हसली.

आणि त्यानंतर पत्रा फाटला. त्या आवाजाला तिची पापणीही हलली नाही.

हेनिंग संगणकाच्या पडद्याकडे बघत होता. धक्क्याच्या उंच रेषेआधी दोन बारीक उंचवटे.

"सेन्सर सैल असणार," तो म्हणाला. जाऊन घट्ट करून आला. पुढच्या धक्क्यालाही तेच.

"थांब. आता हवाच भरत नाही. पत्राही काढतो. बघू काय करते ही बया!"

नळी रिकामी. सगळं शांत.

आम्ही वाट बघत राहिलो...

तूवा दचकली. दोनदा.

पडद्यावर दोन उंचवटे.

हेनिंगने हातातला बन खाली ठेवला. "यिल्वा, घरी जा. तिला घेऊन जा."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, तूवाला काहीच ऐकू येत नाही. जन्मापासून.

आता ती दीड वर्षाची आहे. मघाशी स्वयंपाकघरात खेळत होती. अचानक दचकली... दोनदा. रिकाम्या भिंतीकडे बघून हसली.

आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.

हे तिला आम्ही कधीच शिकवलेलं नाही.

मी शेगडी बंद केली. दारं-खिडक्या बघितल्या. नवऱ्याला फोन केला, "गाडी हळू आण रे."

"का गं? काय झालं?"

"ये तू, मग सांगते," म्हणून मी फोन ठेवला.

ती समोरच बसलीय. मी तिचे हात खाली घेतले, तिने पुन्हा वर नेले.

अजून काहीच फुटलेलं नाही.