बॉनेट गरम होतं

यात एक अक्षर खोटं असेल तर जन्मभर माझ्या नशिबी सायकलच येऊ दे.

रविवार. सकाळचे पावणेअकरा. काकांच्या इमारतीखालचं पाच नंबरचं गॅरेज. मध्यरात्र, अमावास्या यातलं काही नव्हतं. भुतांनीही हल्ली वेळा बदलल्यात.

काका जाऊन सात महिने झाले होते. मागे राहिली काकू, आणि त्यांनी जपानहून मागवलेली दोन दारांची स्पोर्ट्स कार. चौदा वर्षांत फक्त नऊ हजार किलोमीटर. माझी चप्पल त्याहून जास्त चालली असेल.

काकू दोनदा जिन्यात पडली होती. तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, तिला कायमची आपल्याकडे न्यायच्या मागे लागली होती. काकूची अट एकच. आधी गाडी चांगल्या घरी जाऊ दे, मग मी येते.

विकायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात रिकामा मीच.

जाहिरात टाकली. तीन आठवडे नुसतं "लास्ट प्राइस?" वाचून डोळे दुखले. एकाने बदल्यात दोन ट्रेडमिल देऊ केल्या.

मग त्या रविवारी पहिलं खरं गिऱ्हाईक आलं. जाड मिशीवाला. गाडीभोवती फिरला नाही, आत डोकावला नाही. सरळ बॉनेटवर तळहात ठेवला...

"आधीच चालू केली होतीस?"

"नाही हो."

"मग गरम कशी?"

मी हात लावला.

गरम होतं. नुकत्याच उतरवलेल्या पातेल्यासारखं.

जाणकार माणूस इंजिन थंड असतानाच चालू करून बघतो. गरम इंजिन खोडी लपवतं. त्यामुळे आधीच गरम करून ठेवणारा तो चोर. मिशीवाल्याने माझ्याकडे तसंच बघितलं आणि गेला.

दुसरा आला. गरम.

तिसऱ्या बाई होत्या. "एवढ्या लहान वयात ही लबाडी, बाळा?" म्हणाल्या आणि गेल्या.

मेकॅनिकला बोलावलं. तो तासभर वाकून होता. "गाडीत दोष नाही. तुझ्यात असेल तर बघ."

शेवटी बॅटरीच काढली. घरी नेऊन पलंगाखाली ठेवली. गॅरेजला कुलूप, किल्ली खिशात.

सकाळी शटर उचललं...

धुराचा वास.

बॉनेट गरम.

खरं तर घाबरायला हवं होतं. पण इतका दमलो होतो की मनात पहिलं आलं, पेट्रोल कोण भरतंय?

वर जाऊन काकूला सांगितलं. ती पिशव्या बांधत होती. तिचे हात थांबले.

"हे रोज सकाळी खाली जाऊन गाडी चालू करून बसायचे रे. बाहेर फारशी नाही काढायचे. ओरखडा पडेल म्हणून."

कठडा धरत धरत ती खाली उतरली. बॉनेटवर हात ठेवला.

"अहो, पुरे आता. मी थकले. जाऊ द्या तिला."

आतून आवाज आला... टिक. टिक. इंजिन निवताना येतो तसा.

मग तोही थांबला.

दुसऱ्या दिवशी बॅटरी बसवली. एक दाताच्या डॉक्टर आल्या. हात ठेवला. थंडगार! गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दुपारपर्यंत सौदा होऊन गेलीसुद्धा.

सुटलो, म्हटलं.

काकू रिकाम्या गॅरेजकडे बघत उभी होती.

"आता ते बसतील कुठे रे?"

पिशव्या सुटल्या. घडीच्या दोन खुर्च्या खाली आल्या.

आता रोज सकाळी शटर अर्धं ओढून ती आत बसते. बाहेर तिचाच आवाज येतो, दुसरा कुणाचा नाही. पण मध्येच ती थांबते... समोरच्याचं बोलून होईपर्यंत थांबावं, तेवढंच.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. "अरे, गाडी गेली ना? मग आईला एकदाचं विचार, कधी येतेय."

"दोघांना विचारून सांगतो."

तोंडून निघून गेलं.



मग ताई हळूच म्हणाली, "विचार."

अजून ते शटर वर करायची माझी हिंमत झालेली नाही.