आठ चाकं नि एक काहून

मी गिरकीत होते, आणि तो सरळ रिंकच्या मधोमध चालत आला — पायात चामडी बूट, हातात कागदांची चळत. वर पत्र्यावर मावठ्याचा पाऊस वाजत होता, त्यामुळे माझी हाक त्याला ऐकू गेली नाही. टक्कर झाली. कागद उडाले, तो बसला, मी उभीच राहिले. बारा वर्षं चाकांवरचं फिगर स्केटिंग केलंय, एवढं तर येतंच.

"बाजूला काहून नाही झाले तुम्ही?" मी विचारलं.

त्यानं चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं... आणि म्हणाला, "का नाही झालात. 'काहून' नाही."

खाली आपटलेला माणूस, आणि माझी भाषा सुधारतोय. राग यायला हवा होता. मला हसू आलं.

हा आल्हाद. पुण्याहून जबलपूरला खास माझी मराठी धुऊन काढायला आलेला. दिग्दर्शिका अवंतीताईंनी एका स्पर्धेत माझी उडी पाहून मला त्यांच्या सिनेमाची नायिका केलं होतं. नायिका स्केटर होती, पण पुण्याची. मी इथल्याच विजय नगरची. घरात नागपुरी मराठी, दाराबाहेर हिंदी. पहिल्या वाचनाला मी सगळ्यांसमोर भरवसा दिला, "ताई, मी पूर्ण चेष्टा करीन." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हिंदीतली चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि मराठीतली म्हणजे थट्टा, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. निर्मात्यांनी लगेच ठरवलं, चेहरा दुर्वाचा, म्हणजे माझा, आवाज दुसऱ्या मुलीचा. ताईंनी कशीबशी तीन आठवड्यांची मुदत मिळवली. त्यानंतर आवाजाची परीक्षा.

माझ्या तोंडून दुसरीचा आवाज? नाव नको. पडद्यावर मी धडपडले तरी चालेल, पण "आई गं" माझंच हवं.

मग रोज सराव संपला की रिंकच्या कडेला शिकवणी. मी "करून राहिली" म्हटलं की तो "करते आहे" म्हणायचा, न चिडता, न थकता. बदल्यात मी त्याला चाकांवर उभं करायचं, असं ठरलं. पाय लटलट कापायचे बिचाऱ्याचे. पण दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो बऱ्यापैकी उभा राहायला लागला, तरी माझा हात काही सुटेना.

"रेलिंग इकडे आहे, सर," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. आणि हात तसाच ठेवला. खरं सांगते, मलाही तो सुटायला नकोच होता.

परीक्षेच्या दिवशी दुपारी आम्ही स्टुडिओत गेलो. मी माइकसमोर उभी राहिले आणि एकही चूक न करता म्हटलं, "पडले म्हणून मी का थांबू?" शुद्ध, स्वच्छ, आणि शाळेतल्या भाषणासारखं कोरडं. काचेपलीकडे ताईंचा चेहरा उतरला. मलाही कळलं, हा आवाज माझा नव्हताच.

तेवढ्यात आल्हाद आत आला. त्यानं माझ्या हातातला कागद काढून घेतला. "घरी भांडता ना, तसं म्हणा."

"पडली म्हणून मी काहून थांबू?"

माझ्याच अंगावर काटा आला. आल्हाद बाहेर जाऊन ताईंना म्हणाला, की तीन आठवडे आपण चुकीचं काम केलं. मुलगी बदलू नका, नायिकेचं गाव बदला. ताईंनी निर्मात्यांना फोन लावला. बराच वेळ बोलल्या, भांडल्यासुद्धा. परत आल्या त्या हसतच. आवाज माझाच राहणार होता.

आता आल्हादचं इथलं काम संपलं होतं. सकाळची गाडी होती त्याची. आम्ही समोरच्या दुकानात खव्याची जिलेबी खायला गेलो, पण दोघंही ती चमच्यानं नुसती उकरत बसलो. पाऊस भुरभुरत होता. म्हटलं, चलो, बोलूनच टाकू.

"हा सिनेमा झाला की मी इथं बसणार नाही. मला तुमच्यासोबत पूर्ण संसार पाहायचा आहे."

त्याच्या हातातला चमचा थांबला. कान लाल झाले. "संसार?"

"हो ना. आतापर्यंत नागपूर नि चंदीगडच पाहिलं मी."

तो हळूच हसला... अगदी हळू. "त्याला मराठीत जग म्हणतात. संसार म्हणजे — लग्न झाल्यावर दोघांचं घर असतं, ते."

आता लाल व्हायची पाळी माझी होती. पण उडी घेतल्यावर हवेत थांबता येत नाही, इतकं मला बारा वर्षांत कळलंय.

"मग?" त्यानं विचारलं. "दुरुस्त करू?"

"राहू द्या," मी म्हटलं. "बरोबरच बोलून राहिली मी."