कासव डावीकडून गेलं

कपडे बदलायच्या खोलीतून ती बाहेर आली तेव्हा डोळ्यांवर चष्मा नव्हता, आणि चष्मा नसला की तिच्यापुरतं सगळं जग धुक्यात जायचं. धक्क्यावर एक उंच आकृती उभी होती. आपला छायाचित्रकारच, इतक्या सकाळी दुसरं कोण असणार? तिने पिशवी, टॉवेल आणि चपला एकामागून एक त्या आकृतीच्या हातात कोंबल्या.

"किती उशीर रे! आणि त्या होडीवाल्याचा काही पत्ता? मेला झोपला असेल अजून."

"झोपलेला नाही," आकृती शांतपणे म्हणाली. "तुमच्या चपला धरून उभा आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तिने घाईघाईने त्याच्या हातातल्या पिशवीतून चष्मा काढून लावला... आणि दुसऱ्यांदा तसंच झालं. होडीवाला हसत होता, आणि त्याचं ते हसू चांगलंच होतं.

छायाचित्रकार तापाने फणफणला होता. तो आलाच नाही. त्यामुळे पुढचे सहा दिवस होडीत दोघंच.

काम ऐकायला सोपं होतं. प्रवासाच्या मासिकासाठी किनाऱ्यावरच्या स्नॉर्कलिंगच्या सहा उत्तम जागा पाहायच्या आणि लिहायच्या. तिचं हे पहिलंच मोठं काम. "पाण्याखालचं नीट दिसतं ना गं?" असं संपादकबाईंनी विचारलं होतं, आणि मायनस सहा नंबरच्या या मुलीने खुशाल "हो" म्हटलं होतं. नाही म्हटलं असतं तर काम दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं. खरं तर चष्म्यावर मास्क बसत नाही आणि लेन्स तिच्या डोळ्यांना सोसत नाहीत.

"पाण्यात काय करता मग?" होडीवाल्याने तिच्या जाड भिंगांकडे बघत विचारलं.

"लेन्स घालते," तिने ठोकून दिलं.

मग सुरू झालं एक वेगळंच स्वप्न. सकाळी पाणी काचेसारखं असायचं. दोघं पालथे तरंगायचे, तोंडात नळी, कानात फक्त स्वतःचा श्वास. प्रवाह ओढायला लागला की तो तिचा हात धरायचा, आणि प्रवाह थांबल्यावरही... लगेच सोडायचा नाही. तो बोटाने काहीतरी दाखवायचा. तिला निळ्यात थोडं पिवळं हललेलं दिसायचं. ती जोरजोरात मान डोलवायची.

होडीत परतल्यावर ती वही उघडून अगदी साळसूदपणे विचारायची, "तुला काय आवडलं इथलं?" दुसऱ्या दिवसापासून 'तुम्ही' गळून पडलं होतं आणि तो तिला 'ढापणी' म्हणायला लागला होता.

"दीपगृहाखाली ना? ते पट्टेरी मासे. सगळे एकदम वळतात बघ, जणू कुणी हाक मारली." तो सांगायचा आणि ती लिहून घ्यायची. तिचा समुद्र असा त्याच्या आवाजातून वहीत उतरत होता. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की वही भरल्यावरही आपण त्याला प्रश्न विचारत बसतो.

पाचवी जागा त्याची सगळ्यात लाडकी. ओहोटी वळते तेव्हा तिथे एक म्हातारी कासवीण येते, असं त्याने तीन दिवस आधीपासून सांगून ठेवलं होतं. दीड तास ते वाट पाहत राहिले. शेवटी त्याने तिचा दंड घट्ट दाबला, आणि तिने आनंदाने समोर हात हलवला.

वर आल्यावर त्याने मास्क काढला. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"कशी होती?"

"अप्रतिम! एवढी मोठी... आणि डोळे किती शांत!"

"कासव डावीकडून गेलं, ढापणी. तुझ्या हाताला लागेल इतक्या जवळून. तू समोरच्या खडकाला टाटा करत होतीस."

तिने सगळं सांगून टाकलं. लेन्सचं, संपादकबाईंचं, मान डोलवण्याचं.

"मी माझा समुद्र दाखवत होतो तुला," तो म्हणाला. "दिसत नाही म्हणाली असतीस तर काहीतरी केलं असतं. तू खोटं का बोललीस माझ्याशी?"

धक्का येताच ती डोळे पुसत पळाली, आणि पिशवीतून घसरलेला, दांडी तुटलेला तिचा जुना, जादाचा चष्मा होडीच्या बाकावरच राहिला.

सहाव्या सकाळी ती आली ती फक्त निरोप घ्यायला. धक्क्यावर त्याच्या आत्याचं मास्क भाड्याने द्यायचं दुकान होतं. आत्याने एक मास्क पुढे केला. आत, काचेला चिकटवलेली तिच्या जुन्या चष्म्याची दोन भिंगं!

"काल दुपारपासून चिमटा नि होडीला लावतात तो गोंद घेऊन बसला होता," आत्या म्हणाली. "जेवायला हाक मारली तर माझ्यावरच खेकसला."

तो दोर गुंडाळण्यात भलताच गुंग होता. "नंबर जुना असेल थोडा," एवढंच म्हणाला.

सहावी जागा जवळच होती, दोन खडकांमधली उथळ खिंड. तिने डोकं पाण्यात घातलं, आणि सगळं जग एकदम जागच्या जागी येऊन बसलं. पोवळ्याचं एकेक बोट. माशाच्या कल्ल्याजवळचा नखाएवढा निळा ठिपका. वाळूवर हलणारी उन्हाची जाळी. तिने मान वळवली तर तो, केस पाण्यात पसरलेले, नळीने गाल फुगलेले, भुवईवर जुना व्रण. माशांकडे नव्हे, तो तिच्याकडेच बघत होता. तिच्या मास्कमध्ये पाणी साचायला लागलं, आणि ते समुद्राचं नव्हतं.

परत येताच तिने आत्याच्या दुकानातून फोन लावला. "बाई, मी एकच जागा खरी पाहिलीय. बाकी पाच ऐकून लिहिल्यात. त्या छापू नका."

"यादी आता दुसऱ्या कुणाकडून घेईन," बाई म्हणाल्या. "ती एक जागा मात्र लिहून पाठव. नीट."

ती बाहेर आली. तो होडीत उभा होता.

"यादीचं काम गेलं," ती म्हणाली. "त्या पाच जागा मला पुन्हा बघायच्या आहेत."

"आता कशासाठी?"

"कासवासाठी... नाही. तुझ्यासाठी. तू मला आवडतोस. आणि हे मी चष्मा लावून, नीट बघून सांगतेय."

त्याचे कान लालभडक झाले. त्याने इंजिन सुरू केलं. होडी हातभर पुढे गेली आणि हिसका बसून जागीच थांबली. जन्म समुद्रावर गेलेला हा माणूस धक्क्याचा दोर सोडायलाच विसरला होता.

"अरे वेड्या, आधी तिला उत्तर दे, मग होडी हाक!" आत्या दुकानातून ओरडली.

त्याने इंजिन बंद केलं आणि धक्क्यावर चढून, तिच्याजवळ येऊन उत्तर दिलं... इतक्या हळू, की मान लांब करूनही आत्याला काही ऐकू आलं नाही. तिला मात्र शब्दन् शब्द ऐकू आला.